आजोबा आंबले

त्या घरात तळघरातल्या सगळ्यात मोठ्या पिंपाला आजोबा म्हणत. घरातल्या थोरल्या भावाच्या आजोबांनी ते डोळ्यांसमोर बनवून घेतलं होतं. म्हातारा जाऊन जमाना झाला, पण पिंप आपलं भिंतीला पाठ लावून ठाण मांडून बसलेलं. मळ्यातल्या सगळ्यात जुन्या वेलींची काळीभोर वाईन त्यात मुरत पडायची. बाकीची पिंपं लहान. त्यांत पांढरी असे, हलकी लाल असे, आणि घराचा रोजचा खर्च त्यांच्यावर निघे. नाव मात्र होतं ते आजोबांमुळे.

त्या वर्षी उन्हाळा वेळेआधीच येऊन बसला. वेलींची पानं दुपारी अशी माना टाकत की बघवत नसे. तळघराच्या दगडी पायऱ्यासुद्धा पायाला कोमट लागू लागल्या. थोरला उठसूट खाली जाई, भिंतींना हात लावून बघे, झरोक्यांवर ओली पोती टाके आणि वर येऊन उन्हाच्या नावाने बोटं मोडे. एका सकाळी तो असाच खाली गेला आणि बराच वेळ वर आला नाही.

थोरली, म्हणजे त्याची बायको, न्याहारीला बोलवायला पायऱ्यांच्या तोंडाशी गेली. खाली कंदिलाच्या उजेडात नवरा पेला हातात धरून नुसता उभा होता.

"धाकट्याला हाक मार," तो म्हणाला.

आवाज अगदी शांत होता. नवरा ओरडला की थोरलीला बरं वाटे, कारण ओरडून झालं की तो चहा मागायचा. शांत झाला म्हणजे काही खरं नसे.

धाकटा, तिचा दीर, पानं छाटता छाटता तसाच कात्री घेऊन आला. थोरल्याने पेला त्याच्या नाकाखाली धरला.

"आजोबांतली आहे. घे वास."

धाकट्याने वास घेतला. "आंबायला लागलीये."

"ते मलाही कळलं. का आंबली ते सांग."

धाकट्याने हातातली कात्री मिटली.

"मग मी सांगतो. पिंप भरलं नाहीस. उन्हाने वाईन आटली, वर पोकळी राहिली, पोकळीत हवा बसली. शेंबड्या पोराला कळतं हे. दर आठवड्याला पिंपं काठोकाठ भरायची, एवढं एक काम तुझ्याकडे, आणि तेवढ्यातही चालढकल."

"भरलं होतं, दादा."

"मग काय आजोबांना म्हातारचळ लागला?"

"भरलं होतं," धाकटा परत म्हणाला, आणि त्याने मान वर करून वहिनीकडे बघितलं. लहानपणी मार पडायची वेळ आली की तो असाच बघायचा. ती या घरात लग्न होऊन आली तेव्हा तो आईविना पोर होता, नाक वाहतंय, गुडघे फुटलेत. तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, भरवलं, तापात उशाशी बसली. त्याने असं बघितलं की ती पदराआड घेतल्यासारखी मध्ये उभी राही. आज तिने बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"न्याहारी गार होतेय," ती म्हणाली आणि मागे फिरली.

कारण वास वरपर्यंत आला होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता.

अंगणापलीकडे, स्वयंपाकघराला लागून एक खोपटं होतं. तिथे थोरलीचा शिरका असे. पेल्यांतली, बाटल्यांतली उरलीसुरली वाईन ती एका रांजणात ओतून ठेवी. तिच्यावर जाड साय धरे आणि ती आंबून तिचं झणझणीत व्हिनेगर होई. घरात त्याला शिरकाच म्हणत. ज्या घरात वाईन असते त्या घरात शिरका ठेवायचा म्हणजे निखारा गवतात ठेवण्यासारखं आहे. शिरका जिवंत असतो. त्याचा थेंब वाईनला लागला की तो तिलाही आपल्यासारखी करून सोडतो. म्हणून सासूच्या वेळेपासून एक नियम होता, की खोपटातली कुठलीही वस्तू तळघरात जायची नाही आणि तळघरातली खोपटात यायची नाही. डाव नाही, गाळणं नाही, फडकं नाही. शिरक्याच्या हातांनी पायरी उतरायची नाही.

आणि या नियमाची कोतवाल होती थोरली. धाकटी, तिची जाऊ, नवी नवी असताना एकदा खोपटातला एप्रन न बदलता पाच-सहा पायऱ्या उतरली होती. थोरलीने तिला सगळ्यांसमोर असं फैलावर घेतलं की बिचारीने रडून रडून डोळे सुजवून घेतले. "तुमच्याकडे चालत असेल हे," असंही थोरली तेव्हा म्हणाली होती.

तीच थोरली महिन्याभरापूर्वी मनगट मुरगळून बसली. मोठं पातेलं उतरवताना हात असा पिरगळला की तांब्या उचलवेना. घरात त्या दिवशी कुणी नव्हतं आणि तिला शिरका हवा होता. रांजण कलता होईना. वाटीने उपसायचा तर वरची साय मोडते. मग ती तळघरात गेली आणि पिंपं भरायची रबरी नळी खुंटीवरून काढून आणली. एक टोक रांजणात, एक तोंडात, ओढलं की शिरका सुरसुर बरणीत. नळी तिने पाण्याखाली धरून खळखळून धुतली. उकळत्या पाण्यातून काढायला हवी हे तिला कळत होतं. चूल तेव्हा विझलेली होती, मनगट ठणकत होतं, आणि एकदा केल्याने काय होतंय असं तिला वाटलं. नळी परत खुंटीवर गेली. दुसऱ्या दिवशी धाकट्याने त्याच नळीने आजोबा भरले.

त्यानंतर ती हे साफ विसरूनही गेली होती. आज त्या वासाने सगळं परत समोर आणून उभं केलं.

दुपारी जेवताना थोरल्याने निकाल दिला. आठवडाअखेरीस पाहुणी यायची होती. हमरस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलाची ती मालकीण. दरवर्षी एकदा येऊन या घरच्या टेबलावर जेवायची, प्रत्येक पदार्थाबरोबर एकेक वाईन चाखायची आणि वर्षभर हॉटेलात कुठली ठेवायची ते ठरवायची. तिने मान हलवली की निम्मं तळघर रिकामं होई.

"ती येऊन जाऊ दे," थोरला ताटातच बघत म्हणाला. "बाहेरच्या माणसापुढे शोभा नको. ती गेली की तू आणि तुझी बायको तुमचं बघा. तळघरात आजपासून पाऊल टाकायचं नाही."

"बरं," धाकटा म्हणाला.

एवढंच. धाकटीच्या हातातलं भांडं मात्र मोरीत असं आदळलं की त्याला पोचा आला. थोरलीने ते उचलून पालथं घातलं.

पुढचे दिवस कामाचे होते, आणि काम कुणाचं तोंड बघून थांबत नाही. वेलींची पानं विरळ करायची होती, म्हणजे घडांना वारा लागतो, पण इतकीही नाही की ऊन थेट पडून मणी भाजतील. धाकटा पहाटेच जाई आणि ओळीच्या ओळी एकटा उरकी. थोरली दुपारी डबा घेऊन जाई. उन्हाने त्याच्या मानेची कातडी सोलवटली होती, बोटं पानांच्या चिकाने काळी पडली होती. तो बांधावर बसून खाई आणि ती समोर बसून माश्या हाकी.

"दादा सकाळी काय म्हणत होता?" तो एकदा म्हणाला.

"काही नाही. झरोक्यांची पोती वाळतात लवकर."

"हं." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि हातातच धरला. "तुला काही बोलायचंय का, वहिनी?"

तिच्या ओठावर आलं होतं. समोर त्याची सोललेली मान होती, आणि तिला वाटलं आता सांगून टाकावं, की अरे, माझ्या हातून झालं. मग तिला धाकटीचे सुजलेले डोळे आठवले, आणि आपलेच ते शब्द.

"आणखी वाढू का, विचारत होते," ती म्हणाली.

"नको. झालं," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

घरी धाकटीने माळ्यावरच्या पेट्या खाली काढल्या होत्या. कपडे झटकून, घडी घालून भरत होती आणि मुद्दाम दार उघडं ठेवून भरत होती. थोरली दारावरून गेली की ती म्हणे, "ताई, ही चादर तुमची का माझी? उगाच आमच्या पेटीत तुमचं काही जायला नको." ताईंना चादरीचं काय पडलं होतं? तरी त्या म्हणत, "असू दे, ने तू."

थोरलीने नवऱ्याकडे एक प्रयत्न केला, नाही असं नाही. संध्याकाळी तो पाय पसरून ओट्यावर बसला होता, तेव्हा ती शेंगा सोलत म्हणाली, "अहो, समजा त्याने पिंप भरलंही असेल. दुसरंही काही कारण..."

"तू मध्ये पडू नकोस," तो म्हणाला. "तुझ्याच लाडाने हा असा झाला. दरवेळी पांघरूण घालायला तू आहेसच."

ती परत शेंगा सोलू लागली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. आपण बोलायला गेलो होतो, यांनीच ऐकलं नाही, असं तिला स्वतःला सांगता येऊ लागलं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की कारणांना तोटा नसतो.

पाहुणी यायच्या आदल्या सकाळी नवरा स्वयंपाकघरात आला आणि दार लोटून घेतलं. असा तो कधी येत नसे.

"आजोबा टेबलावर आणावेच लागतील," तो म्हणाला. "ती येते त्यांच्यासाठी. नाही आणले तर विचारेल, आणि मग गावभर होईल. अजून फार बिघडलेली नाही. नाकाला किंचित येते, जिभेला थोडी. तू काहीतरी असं कर की कळणार नाही."

"फसवायचं म्हणता?"

"झाकायचं म्हणतो."

हा माणूस आंबूस द्राक्षाचा एक मणी घडात राहू देत नसे. त्याने हे मागावं आणि तेही मान खाली घालून, याचं तिला वाईट वाटलं. त्याहून वाईट हे की तिला उपाय ठाऊक होता.

कुठल्या वाईनबरोबर काय वाढायचं, हे त्या घरात तिचं राज्य होतं. पांढरीला तळलेला मासा आणि वर लिंबू. हलक्या लालला लोण्यावर परतलेल्या अळंब्या आणि मऊ चीज. आजोबांना मात्र चरबीवालं, मंद आचेवर तासन्‌तास शिजलेलं मटणच हवं, नाहीतर ते घशात अडतात. तिखट वाढलं तर वाईन जाळते, गोड वाढलं तर ती कडू लागते. आणि आंबट वाढलं तर? आंबट घास आधी खाल्ला की मागून येणारी आंबट वाईन गोड लागते. जीभ भाबडी असते, तिला आधी जे मिळालं त्यावरून ती पुढचं तोलते.

तिने कांदा कागदासारखा पातळ चिरला आणि खोपटातला शिरका त्यावर ओतून मुरत ठेवला. ज्या शिरक्याने आजोबांना नासवलं तोच आता त्यांची अब्रू राखणार होता. मटणाबरोबर तो कांदा तिने नवऱ्याला चाखायला दिला. आधी त्याने नुसती वाईन घेतली आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग मटण, कांदा, आणि परत वाईन. त्याच्या भुवया वर गेल्या. त्याने परत एक घोट घेतला.

"तू नसतीस तर मी काय केलं असतं," तो म्हणाला.

ती अंगणात जाऊन उगाचच वाळत घातलेले टॉवेल उलटेपालटे करत राहिली.

पाहुणी दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी चालवत आली. जाडसर, शांत बाई. कमी बोलायची आणि हळू खायची, त्यामुळे तिच्या मनात काय चाललंय ते कळायला मार्ग नसे. थोरला तिच्या समोर बसला, थोरली वाढायला, धाकटा ताटं-पेले आणायला-न्यायला. धाकटीने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं होतं.

मासा झाला, पांढरी झाली. पाहुणीने मान हलवली. अळंब्या झाल्या. हलक्या लालचा पेला तिने उजेडाकडे धरून बघितला आणि म्हणाली, "गेल्या वर्षीपेक्षा बरी." मग थोरलीने मटण वाढलं आणि त्याच्या कडेला, काही विशेष नाही अशा थाटात, कांदा. थोरल्याने आजोबांतली वाईन ओतली.

पाहुणीने आधी पेला उचलला.

"आधी घास घ्या," थोरली म्हणाली. आवाज जरा चढलाच. "मटण गार झालं की मजा जाते."

पाहुणीने तिच्याकडे बघितलं, पेला ठेवला आणि घास घेतला. कांदा घेतला. मग घोट घेतला. तिने परत कांदा घेतला, परत घोट घेतला.

"आजोबा यंदा फारच गोड झालेत," ती म्हणाली. "म्हातारपणी स्वभाव निवळला वाटतं. मला हे पिंप सगळं हवं."

हवा निघाल्यासारखे थोरल्याचे खांदे खाली आले. आनंदात माणसाला भान राहत नाही. धाकटा रिकामी ताटं उचलत होता, त्याच्याकडे बोट करून थोरला म्हणाला, "यंदापासून पिंपांना याचा हात लागू देत नाही मी. आळशी माणसाचं हे काम नाही. चला खाली, आजच भरायची आहेत, तुमच्यादेखतच भरतो."

धाकट्याचे कान लाल झाले. ताटं खाली न ठेवता त्याने वहिनीकडे बघितलं. ती टेबलावरचे भाकरीचे तुकडे हाताने गोळा करत होती. एकेक तुकडा गोळा करत होती.

थोरला आणि पाहुणी पायऱ्या उतरून गेले. पिंपं भरायला हात मोकळे हवेत म्हणून थोरल्याने धाकट्यालाच कंदील धरायला बोलावलं. खालून नवऱ्याचा आवाज येत होता. ही पांढरी, ही लाल. मग तो म्हणाला, "धाकट्या, खुंटीवरची नळी दे."

थोरलीच्या हातातून तुकडे सांडले. ती नळी. शिरका त्यात अजून असणार. बाकीची पिंपं इतके दिवस कशी वाचली कोण जाणे, पण आता ती पांढरीत जाईल, लालमध्ये जाईल, एकामागून एक सगळी पिंपं आंबतील आणि वर्षाचं सगळं मातीत जाईल. शिरक्याच्या हातांनी, शिरक्याच्याच एप्रनमध्ये ती पायऱ्यांवरून धावत सुटली.

"अहो, ती नळी लावू नका कुठे," ती म्हणाली. धाप लागली होती. "तोंडाला लावू नका. तिला शिरका लागलाय. मी लावलाय."

नळीचं एक टोक थोरल्याच्या ओठांशी होतं. ते तसंच राहिलं.

तिने सगळं सांगितलं. मनगट, रांजण, खुंटी, विझलेली चूल. पाहुणीसमोर सांगितलं, कारण आता थांबता येत नव्हतं. धाकट्याने पिंप भरलं होतं, बरोबर भरलं होतं, आणि मी आदल्या दिवशी नळी नेली होती, असं तिने दोनदा सांगितलं.

पाहुणी पहिली हलली. "आजोबांचा पेला द्या," ती म्हणाली. "कांद्याशिवाय." तिने घोट तोंडात धरला, मग कोपऱ्यातल्या बादलीत थुंकला आणि रुमालाने ओठ टिपले. रागावली असती तर बरं झालं असतं. "पांढरी तेवढी पाठवा. आजोबांचं राहू द्या," ती म्हणाली. पायऱ्यांकडे जाता जाता थोरलीपाशी क्षणभर थांबली आणि वर गेली.

थोरला आजोबांना टेकून उभा होता. त्याचं तोंड एकदम वयस्कर दिसायला लागलं होतं. बायकोकडे न बघता तो भावाला म्हणाला, "मला काय माहीत."

"नळी नवी आहे, दादा," धाकटा म्हणाला. "लाव तू. काही होणार नाही."

थोरलीला आधी कळलंच नाही.

"जुनीने आजोबा भरायला घेतले तेव्हा तोंडाने ओढली ना. पहिल्याच ओढीला जिभेला शिरका लागला. पण ते कळेपर्यंत थोडं आत गेलं होतं. ती मी तुकडे करून बांधाखाली पुरली. नवी कापून खुंटीला लावली आणि बाकीची पिंपं तिने भरली. ती सगळी चांगली आहेत."

"तुला माहीत होतं?" थोरली म्हणाली. "पहिल्या दिवसापासून?"

"घरात शिरका कुणाचा आहे, वहिनी?"

"मग बोलला का नाहीस तू?"

"वाटलं, थोडंच गेलंय, जिरेल. नाही जिरलं. मग वाटलं, तू बोलशील." तो कंदील खाली ठेवत होता. आवाजात राग नव्हता, थकलेला माणूस बोलतो तसं तो बोलत होता. "सकाळी दादाने पेला नाकाखाली धरला तेव्हा वाटलं, आता बोलशील. बांधावर विचारलंही मी तुला. पेट्या भरल्या तेव्हा वाटलं. आत्ता वर टेबलाशी वाटलं. दादा मला आळशी म्हणाला तेव्हा तू तुकडे गोळा करत होतीस. पिंपांवर आलं तेव्हा धावलीस."

"तसं नाही रे."

"मग कसं?"

हे त्याने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तो एक पाय पायरीवर ठेवून, तिच्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्याला खरंच ऐकायचं होतं. वर अंगणात पेट्या ओढल्याचा आवाज येत होता. पाहुणीने धाकटीला हमरस्त्यापर्यंत सोडते म्हणून सांगितलं असावं, कारण गाडीचं मागचं दार उघडल्याचं ऐकू आलं. थोरला काहीतरी पुटपुटला, राहा म्हणाला असेल, पण धाकट्याने तिकडे बघितलं नाही. तो वहिनीकडेच बघत होता.

तिने उत्तर शोधलं. तापात त्याच्या उशाशी बसलेल्या सगळ्या वेळा तिला आठवल्या, त्याला भरवलेले घास आठवले, आणि त्यांतलं काहीही आता बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. मी तुझ्यासाठीच धावले, एवढं म्हटलं असतं तर तो कदाचित थांबला असता. पण पायऱ्या उतरताना तिच्या मनात पांढरी होती, लाल होती, वर्षाचं पीक होतं. तो नव्हता. आणि त्याच्याशी ती आता आणखी एक खोटं बोलू शकत नव्हती.

त्याने आणखी जरा वाट पाहिली. मग दुसरा पायही पायरीवर ठेवला आणि तो वर निघून गेला.